मौनाची वर्गणी

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही घरात एक नियम केला होता. ठरावीक रकमेच्या आतल्या खर्चाचा जाब एकमेकांना विचारायचा नाही. तेव्हा ती रक्कम पाचशे रुपये होती. पगार वाढले, महागाई वाढली, तशी ती सरकत सरकत पाच हजारांवर आली. आम्ही दोघेही अशा घरांत वाढलो की जिथे भाजी आणल्यावर उरलेली चिल्लर ओट्यावर मोजून ठेवावी लागे, आणि मोजणारा हात नेहमी एकाच माणसाचा असे. त्यामुळे या नियमाचा आम्हाला थोडा अभिमानही होता. न विचारणे हा विश्वासाचाच एक प्रकार आहे, असे आम्ही मानत होतो. या विश्वासाचा लाभ साता समुद्रापलीकडची एखादी कंपनी उठवील, ही कल्पना अर्थातच नव्हती.

हकिगत अशी. जुलै २०२३ मध्ये आमच्यापैकी एक जण एका चर्चासत्रासाठी निबंध लिहीत होता. (हा एक जण कोण, ते मुद्दाम सांगत नाही, घरातला तो वाद अजून पुरता मिटलेला नाही. 'जण' हा शब्द येथे दोघांनाही सारखाच लागू आहे असे समजावे.) एकोणिसाव्या शतकातील काही छापील मजकूर हवे होते, आणि ते एका परदेशी संकेतस्थळावर असल्याचे आढळले. सात दिवस फुकट. केवळ कार्डाची खातरजमा म्हणून एक डॉलर. क्रेडिट कार्डाचा क्रमांक, मुदत आणि पाठीमागचे तीन आकडे दिले. आपल्याकडच्या संकेतस्थळांवर व्यवहार करताना मोबाईलवर ओटीपी येतो, तसा तो आला नाही, आणि घाईत त्याचे काही वाटलेही नाही. हवी होती ती पाने उतरवून घेतली, निबंध वाचून झाला, चर्चासत्रातल्या जेवणाची तारीफ झाली, आणि ते संकेतस्थळ विस्मरणात गेले.

संकेतस्थळ मात्र आम्हाला विसरले नव्हते. २२ जुलैला, म्हणजे सात दिवस पुरे होताच, त्याने कार्डावरून ३९ डॉलर घेतले, आणि पुढे दर महिन्याच्या २२ तारखेला तेवढेच घेत राहिले. बँकेचे परकीय चलनाचे शुल्क आणि त्यावरचा कर धरून महिन्याला तीन हजार तीनशे-चारशे रुपये. नियमाच्या रकमेच्या बरेच आत.

व्यवहाराचे लघुसंदेश जात होते ते दुसऱ्या जणाच्या मोबाईलवर, कारण कार्ड त्याच्या नावावर. त्या संदेशांत संकेतस्थळाचे नाव नव्हते. रोमन अक्षरांचा एकमेकांना चिकटलेला एक पुंजका होता आणि त्यातून ओळखू येण्याजोगा एकच शब्द बाहेर डोकावत होता: 'केअर'. (पुढे कळले की तो कंपनीच्या ग्राहकसेवा विभागाचा होता.) आता याला एक पार्श्वभूमी आहे. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या घरातले एक माणूस गेले. त्यानंतर पहिल्या जणाची झोप उडाली ती उडालीच. त्याबद्दल आम्ही बोलत नव्हतो. तेव्हा दुसऱ्या जणाने त्या 'केअर'चा जो अर्थ लावला तो असा, की पहिला जण महाजालावरून कुणा समुपदेशकाचा सल्ला घेतो आहे, आणि ते घरात सांगण्याचा त्याला संकोच वाटतो आहे. बरे आहे, घेऊ दे. आपण विचारून त्याला अवघडवू नये.

साहित्य शिकवणाऱ्या माणसाने केलेले हे वाचन आहे, हे नमूद केले पाहिजे. बँकेने सूचना दिली नाही असे आम्ही कधीही म्हणू शकलो नाही. सूचना आली, वाचली गेली, तिच्यावर विचारही झाला. फक्त अर्थ चुकला.

पाच महिने दुसरा जण जपून वागत होता. बंद दारावर टकटक केल्याशिवाय आत यायचे नाही, रात्री दिवा चालू दिसला तर 'झोप आता' असे म्हणायचे नाही, वगैरे. पहिल्या जणाला हा बदल जाणवत होता, आवडतही होता. कारण त्यानेही विचारले नाही. शेवटी २४ नोव्हेंबरच्या रात्री जेवणे झाल्यावर दुसऱ्याने धीर करून विचारले, "तुला त्या बाईंचा उपयोग होतोय ना?"

"कोण बाई?"

त्यानंतरचे सगळे बोलणे येथे देण्याचे कारण नाही. रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडून आम्ही जुन्या विरोपांचा शोध घेतला आणि जुलैतली ती पोच सापडली. पाच हप्ते मिळून सोळा हजार आठशेच्या आसपास गेले होते. गंमत अशी की रक्कम कळल्यावर आम्ही दोघेही जेवढे चिडलो, त्याहून अधिक कशाने तरी खट्टू झालो होतो. त्या समुपदेशक बाई पाच महिने आमच्या घरात होत्या, आणि त्या नव्हत्याच, हे पचवायला वेळ लागला.

तेव्हाच बँकेला दूरध्वनी केला. पलीकडच्या मुलीने विचारले, "हा व्यवहार तुम्ही किंवा तुमच्या ओळखीच्या कुणी केला आहे का?" आम्ही सांगू लागलो: एक डॉलरचा केला, पुढचे पाच केले नाहीत, पण कार्डाचा क्रमांक आम्हीच दिला होता, मात्र तो यासाठी नव्हे. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, की तिच्यापुढे दोनच रकाने आहेत. एक 'फसवणूक', दुसरा 'व्यापाऱ्याशी वाद'. पहिला निवडला तर कार्ड ताबडतोब बंद होईल आणि तक्रार लवकर पुढे जाईल. दुसरा निवडला तर कागदपत्रे लागतील, वेळ लागेल. मग आवाज किंचित खाली आणून ती म्हणाली, "बघा, त्या कंपनीला तुम्ही ओळखत नाही असं म्हणालात तर सोपं पडेल." तिचा हेतू चांगला होता. ती आम्हाला मदतच करत होती.

या दोन रकान्यांतले अंतर किती आहे ते नंतर वाचल्यावर कळले. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाने किती भार सोसायचा हे ठरवून दिले. बँकेचीच चूक असेल तर ग्राहकावर काहीच नाही. चूक तिसऱ्याच कुणाची असेल आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तरीही काहीच नाही. चार ते सात दिवसांत कळवले, तर भाराला कमाल मर्यादा. पाच लाखांपर्यंतची पत असलेल्या क्रेडिट कार्डासाठी ती दहा हजार रुपये होती. सात दिवसांपुढे ज्या त्या बँकेचे धोरण. तक्रार आल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा दाखवायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा, आणि मुख्य म्हणजे ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. कार्डांविषयीच्या २०२२ च्या निर्देशांतही, ज्या व्यवहाराला ग्राहकाने 'फसवणूक' म्हटले आहे त्यावर वादाचा निकाल लागेपर्यंत कोणतेही शुल्क लावू नये, असे आले. म्हणजे संरक्षणाची ही भिंत 'फसवणूक' या शब्दाभोवती बांधलेली. 'वाद' हा शब्द उच्चारला की आपण भिंतीबाहेर. तेथे कायदा फार थोडा. व्हिसा-मास्टरकार्डसारख्या जाळ्यांचे आपापसांतले चार्जबॅकचे नियम, त्यांच्या मुदती, आणि आपली चिकाटी.

आम्ही 'वाद' निवडला. यात सचोटीचा फार मोठा वाटा होता असे नाही. आमच्यातला एक जण त्या रात्री खोटे बोलायला तयार होता. दुसऱ्याने दूरध्वनी हातातून काढून घेतला. शिवाय मागाहून लक्षात आले की खोट्याचा फायदा जेमतेम शेवटच्या हप्त्याला झाला असता. आधीच्या चार सूचनांना तीन सोडा, तीस दिवस उलटून गेले होते. असो. पुढचे देयकही आम्ही मुकाट्याने पूर्ण भरले, नाहीतर वादाच्या रकमेवर व्याज चढले असते.

त्या आठवड्यात एका शब्दाने मनात ठाण मांडले होते. कंपनी ज्याला सबस्क्रिप्शन म्हणते त्याला मराठीत वर्गणी म्हणतात. आमची पिढी नियतकालिकांच्या वर्गणीवर पोसलेली. वाङ्मयीन मासिकाच्या एखाद्या अंकात गुलाबी चिठ्ठी निघे: आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे, कृपया मनीऑर्डर पाठवावी. आपण काहीच केले नाही तर काय होई? अंक येणे थांबे. फार तर संपादकांचे एक व्याकूळ पोस्टकार्ड येई. व्ही.पी.ने अंक धाडला तरी पोस्टमन दारात उभा राही आणि 'नको' म्हणण्याची मुभा असे. गणपतीची वर्गणी मागायला येणारी मंडळी जरा दांडगाई करतात हे खरे, पण तीही पावतीपुस्तक घेऊन समोर येतात. त्यांच्याशी घासाघीस करता येते. या साऱ्या व्यवहारांत आपल्या गप्प बसण्याचा अर्थ 'नाही' असा होता. कित्येक चांगली मासिके वाचकांच्या या आळशी 'नाही'मुळे बंद पडली, याची आम्हाला खंतही आहे. आता गप्प बसण्याचा अर्थ 'हो' असा होतो, आणि तो 'हो' दरमहा नव्याने वसूल केला जातो. शब्द तोच राहिला, त्यातल्या मौनाचा अर्थ तेवढा उलटला. 'मौनं संमतिलक्षणम्' हे सुभाषितासारखे वापरले जाणारे वचन आम्ही वर्गात सांगत आलो. ते कुणाच्या सोयीचे आहे याचा विचार केला नव्हता.

आमच्या परिचयाच्या एका विधी महाविद्यालयातील अध्यापकांना ही हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी १८६२ चा एक इंग्रज खटला सांगितला. फेल्टहाउस नावाच्या काकांना पुतण्याचा घोडा विकत घ्यायचा होता. त्यांनी पत्र लिहिले, की तुझ्याकडून काही कळले नाही तर घोडा ३० पौंड १५ शिलिंगांना माझा झाला असे समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. देण्याचा त्याचा विचार होता, पण लिलाव करणाऱ्या बिंडलेने चुकून तो घोडा विकून टाकला. काका कोर्टात गेले आणि हरले. समोरच्याच्या गप्प बसण्यावर आपला करार उभा करता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. पुढे दहाच वर्षांनी आपला करार कायदा आला, १८७२ चा. त्याच्या तेराव्या कलमातली संमतीची व्याख्या त्या अध्यापकांनी तोंडपाठ म्हणून दाखवली. तिचा आशय असा, की दोन माणसे एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देतात तेव्हा ती संमती. 'एकाच अर्थाने'! अर्थनिर्णयावर तासन् तास घेणाऱ्या आम्हा दोघांना हे कलम इतक्या उशिरा कळावे, याची लाज वाटली. आमचा 'एक डॉलर' आणि कंपनीचा 'एक डॉलर' यांचे अर्थ कुठेच जुळत नव्हते.

पण त्यांनी लगेच आमची हवाही काढली. "तुम्ही गप्प नव्हता," ते म्हणाले, "तुम्ही चौकोनात खूण केली होती." केली होती. त्या चौकोनाशेजारी फिकट अक्षरांत काही असणारच. आम्ही ते वाचले नव्हते. विद्यार्थ्यांना तळटीपा वाचायला लावणारे आम्ही!

योगायोग असा की याच सुमारास, ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ग्राहकाला फशी पाडणाऱ्या तेरा क्लृप्त्या त्यांत नावानिशी सांगितल्या आहेत. न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत घालणे, 'आता थोडेच उरले' असा खोटा घायकुतेपणा, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणे. आणि त्यांतच वर्गणीचा सापळा. फुकटच्या वर्गणीसाठी कार्डाचा तपशील किंवा परस्पर पैसे घेण्याची परवानगी द्यायला भाग पाडणे, हे त्या सापळ्याचे एक रूप म्हणून स्पष्ट नोंदले आहे. आपल्या गाढवपणाचे असे राजपत्रित वर्णन वाचून समाधान वाटते. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले तेव्हा लढाई वजनमापांशी आणि साठेबाजांशी होती. मापात पाप तेव्हा तागडीखाली दिसे तरी. आता ते फिकट अक्षरांत असते.

बँकेचे उत्तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आले. २०२२ च्या निर्देशांप्रमाणे तक्रारीपासून तीस दिवसांच्या आत खुलासा यायला हवा होता. तो एकेचाळिसाव्या दिवशी आला. कंपनीने पुरावा पाठवला होता: आम्ही खूण केल्याची तारीख, वेळ, संगणकाचा पत्ता. सबब तक्रार बंद. २२ जुलैचा हप्ता तर चार्जबॅकच्या १२० दिवसांच्या मुदतीबाहेरच गेला होता.

तो कागद आम्ही दोघांनी मिळून वाचला, उत्तरपत्रिका वाचतो तसा, लाल पेन घेऊन. आणि त्यात एक जागा सापडली. कंपनीने प्रत्येक व्यवहारापुढे 'मासिक वर्गणीचे नूतनीकरण' असे लिहिले होते. बँकेच्या पत्रात मात्र तेच व्यवहार 'ग्राहकाने केलेली स्वतंत्र खरेदी' होते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नव्हते. नूतनीकरण म्हणावे, तर १ ऑक्टोबर २०२१ पासून भारतातील कार्डावरून असे आवर्ती पैसे घ्यायचे, कंपनी देशी असो की परदेशी, तर आधी ओटीपीसारख्या जादा पडताळणीने ई-मॅन्डेट नोंदवावे लागते आणि प्रत्येक वेळी निदान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवावे लागते. आमची नोंदणी कुठे आहे? पूर्वसूचना कुठे आहे? आणि स्वतंत्र खरेदी म्हणावी, तर दर महिन्याच्या २२ तारखेला आम्ही केलेली ती मागणी दाखवा. बहुधा कंपनी दर महिन्याचा व्यवहार नवी खरेदी असल्यासारखा पाठवून नोंदणीची चाळणी चुकवत होती, आणि बँकेच्या यंत्रणेला तारीख, रक्कम, नाव हे सारे पाच वेळा तेच असूनही त्यात वावगे दिसले नव्हते. (दुसऱ्या जणालाही दिसले नव्हते, असे पहिला जण येथे टिपेत घालू इच्छितो.)

हे सारे दीड पानात लिहून बँकेला पाठवले, आणि आधीच्या उत्तराने समाधान झाले नसल्याने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही त्याच दिवशी तक्रार नोंदवली. तिला फी नाही, वकील लागत नाही. तेथेही जमले नसते तर जिल्हा ग्राहक आयोग होताच. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या ठिकाणी तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय जगाच्या पाठीवर कुठेही असो. तेथवर जायची वेळ आली नाही. लोकपालाचा निर्णय होण्याआधीच, फेब्रुवारीत, चार हप्त्यांची रक्कम कार्डावर जमा झाली. सोबतच्या पत्रात लिहिले होते की बँक ही रक्कम 'सदिच्छेपोटी' देत आहे.

या शब्दावरून घरात पुन्हा जुंपली. एक जण म्हणाला, पैसे आले, सोडून दे. दुसरा म्हणाला, सदिच्छा कसली? नियम मोडला म्हणून दिले, तसे लिहा. सदिच्छा गणपतीच्या वर्गणीत असते. शेवटी एक छोटे पत्र गेलेच: रक्कम स्वीकारत आहोत, शब्द स्वीकारत नाही. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी दूरध्वनी करून नम्रपणे सांगितले की शब्द संगणकातल्या नमुन्यातला आहे, तो त्यांनाही बदलता येत नाही. २२ जुलैचा हप्ता गेला तो गेलाच.

कार्डावरचे परदेशी व्यवहार आता आम्ही बंद ठेवले आहेत. बँकेच्या ॲपमध्ये ती कळ २०२० पासून होती, हेही तेव्हाच कळले. पाच हजारांचा नियम मोडलेला नाही, पण त्याला एक पोटनियम जोडला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी, चहानंतर, देयकातली एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि ज्याची असेल त्याने 'माझी' म्हणायचे. कारण सांगायचे नाही. यात कधी कधी पाऊण तास जातो, कारण मधूनच दुसरेच काही निघते. २०२१ च्या त्या एप्रिलबद्दल आम्ही पहिल्यांदा नीट बोललो ते अशाच एका रविवारी, पेट्रोलपंपाच्या ओळीवर थांबून. समुपदेशक बाईही नंतर खरोखरच शोधल्या. त्यांची फी आम्ही रोख देतो.

गेल्या महिन्यात ५९० रुपयांची एक ओळ निघाली. दोघेही गप्प. मग पुन्हा वाचली. आमचे कार्ड 'आजीवन नि:शुल्क' म्हणून दिले गेले होते, आणि ही होती त्याची वार्षिक फी, पाचशे अधिक अठरा टक्के कर. रविवार असल्याने शाखा बंद होती. लाल पेन मात्र ओट्यावरच होते.